चित्रातली माणसं एकटी नाहीत, चित्रकार एकटा आहे

गोव्यात परत तोच वाद, अस्सल गोंयकार कोण आणि भायले, म्हणजे बाहेरचे, कोण. आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी काडी टाकतं, आणि सगळ्यात जोरात भांडणारा चुलतभाऊ स्वतः पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात राहतो, ते सोडा.

मी न्यू जर्सीत. इथे मला कुणी विचारत नाही तू इथली का, कारण कुणाला पडलेलीच नसते. २०२०-२१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये चित्रकार सलमान तूरचं प्रदर्शन होतं, लाहोरचा मुलगा, न्यूयॉर्कमध्ये राहतो. हिरव्या उजेडात पार्टी करणारी, गळ्यात गळे घालणारी ब्राऊन पोरं, आणि मग इमिग्रेशनला बॅगेतलं सगळं बाहेर काढून ठेवून उभी असलेली तीच पोरं. एकटेपणाची चित्रं म्हणून लेबल लावलं की काम झालं असं इकडे बऱ्याच जणांना वाटतं. मला नाही पटत. त्या पोरांना मित्र आहेत की! फक्त ती मैत्री इमिग्रेशनच्या काउंटरवर चालत नाही.

तेव्हा मला आपला चित्रकार आंजेलो द फोन्सेका आठवला. गोव्यातल्या सांत इस्तेव्हचा, जन्म १९०२, शांतिनिकेतनात शिकला आणि येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवून आपल्याकडच्या बायकांसारखी रंगवली. चर्चवाल्यांना आणि तिथल्या मोठ्या लोकांना ते रुचलं नाही, शेवटी माणूस पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात जाऊन राहिला, १९६७ ला वारला. त्याची चित्रं बघा, त्यात एकटं कुणीच नाही, मेरी अगदी माहेरी असल्यासारखी निवांत. जो आपलेपणा गावाने याला दिला नाही तो याने तिला देऊन टाकला, असं मला तरी वाटतं. आता तीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत आणि तो आपला. साळगावचा चित्रकार एफ. एन. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेला, पुढे न्यूयॉर्कला, त्याच्या चित्रांना कोटींचे भाव आले आणि तोही आपलाच झाला! गेलेल्यांना आपलं म्हणायला काय लागतं.

म्हणून ग्रुपवर मी एकच विचारलं. झुआरीनगरात, म्हणजे बाहेरून आलेल्या कामगारांच्या वस्तीत वाढलेली, घरी कानडी बोलणारी एखादी पोर उद्या पणजीत आल्तिन्होच्या आर्ट कॉलेजात शिकली आणि तिने आपली शांतादुर्गा स्वतःच्या आईच्या चेहऱ्याची काढली, तर तिला काय म्हणणार? चुलतभावाने थम्ब्स डाऊन टाकलाय, बाकीचे अजून टाइप करतायत.