केस गळत नाहीत, म्हणून घेतलंत ना?

आज सकाळी काजूला, म्हणजे आमच्या लॅब्राडूडल कुत्र्याला (लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर), लस द्यायला फोंड्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. बाकावर शेजारी एक जोडपं, त्यांचा दहाएक वर्षांचा मुलगा आणि एक लॅब्राडूडल, आमच्या काजूच्याच वयाचा. पाठीवरून हात फिरवला तर बोटं केसांत शिरेनात. पोटाखाली, काखेत, कानामागे जटाच जटा. ती बाई डॉक्टरांना म्हणाली, "कोणी घेत असेल तर बघा ना. देणारा म्हणाला होता, केस गळत नाहीत, काही करावं लागत नाही."

घरी येऊन दोन तास झाले, अजून डोकं शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

पूडलच्या वळणाचा केस गळला तरी खाली पडत नाही, उरलेल्या केसांत अडकतो. फरशी स्वच्छ राहते आणि तो सगळा कचरा कुत्र्याच्या अंगावर साठतो. त्यात आपली गोव्याची जून ते सप्टेंबरची हवा, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. चार दिवस कंगवा चुकला की मुळाशी गुंता, गुंत्यात ओल. वरून टेडी बेअर, आत कातडी लाल.

हे मी काजूच्या अंगावर शिकले. त्याची आमच्याकडची पहिली चवथ, तो दहा महिन्यांचा. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात ते नेमके याच सुमारास, आणि गुंता तेव्हाच सर्वांत जास्त होतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पाच दिवसांचा गणपती, घरात वीस-पंचवीस माणसं, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीची) गडबड, नेवऱ्यांचे घाणे. काजू भाटातून, म्हणजे बागेतून, भिजून यायचा आणि सोप्याखाली जाऊन झोपायचा. बारा दिवस त्याला कंगवा लागला नाही. पाहुणे गेल्यावर कुरवाळताना कानामागे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मला वाटलं कॅन्सर. रात्रभर डोळा लागला नाही.

मुळात आम्ही लॅब्राडूडल घेतला तो यांच्या शिंकांमुळे. यांना कुत्र्याची अ‍ॅलर्जी, आणि विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "याची अ‍ॅलर्जी होतच नाही." साफ खोटं! अ‍ॅलर्जी कुत्र्याच्या लाळेची आणि कातडीच्या कोंड्याची असते. लाळ काय, पूडललाही असते आणि लॅब्राडॉरलाही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी हा संकर केला तो एका गरजेपोटी. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास. पिल्लं झाली तीन, आणि तपासायला पाठवलेल्या नमुन्यांत त्या गृहस्थांना चाललं फक्त एक. एकाच आईची तीन पिल्लं! मग इथला दलाल फोनवर कसली हमी देतो? खुद्द कॉनरन यांनीच २०१९ मध्ये या संकराबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

काहींना खरंच त्रास होत नाही, मान्य. गावठी पिल्लू घेतलं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं, हेही मान्य. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कितें गे, मेंढरूं हाडलां?" (काय गं, मेंढरू आणलंय?)

तर ती गाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बघितलं, केसांचीच होती. पण तशा अंगभर निघाल्या. कंगव्याने सोडवायला गेलं तर कातडी ओढली जाते, म्हणून मशीन लावावं लागलं. दोन तास. यांनी त्याला छातीशी धरून ठेवलं होतं. डोळे सुजलेले, नाक वाहतंय, शिंकांवर शिंका, पण सोडला नाही. मशीन काखेपाशी गेलं की काजू थरथरायचा आणि यांचं मनगट चाटायचा. एकदाही दात लावला नाही. सगळं उतरल्यावर टेबलावर उभं राहिलं ते एवढंसं, गुलाबी, काखेत सोललेलं जनावर. हे तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

माझ्या मते काजू आम्हाला त्या दिवशी कळला. तोवर आम्ही त्याचे फोटो काढत होतो.

आता तो झोपायच्या खोलीत येत नाही, हे त्याला हात लावला की हात धुतात, आणि रोज रात्री जेवणं झाली की सासूबाई सोप्यावर बसून त्याला विंचरतात. आधी ब्रश, मग स्टीलचा कंगवा, अगदी कातडीपर्यंत. लोंबते कान, आत केस, वर हा पाऊस, म्हणून भिजला की कान कोरडे करायचे. दीड-दोन महिन्यांनी केस कापायचे. आणि अंगात अर्धा लॅब्राडॉर आहे, दोन वेळा दमेपर्यंत फिरवला नाही की घर डोक्यावर घेतो.

सकाळी त्या बाईंना मी फार तोडून बोलले. जरा जास्तच. त्यांनाही तेच सांगितलं गेलं होतं, जे आम्हाला. त्यांचा मुलगा सगळा वेळ त्या कुत्र्याचा पंजा धरून बसला होता, आई "कोणी घेईल का" म्हणाली तेव्हाही. निघताना मी काजूचा कंगवा त्याच्या हातात दिला आणि कानामागून सुरुवात कशी करायची ते दाखवलं. "काकी, त्याला दुखणार नाही ना?" त्याने विचारलं. म्हटलं, आधी सगळे केस उतरवू देत, मग रोज थोडं थोडं, नाही दुखणार.

माझा नंबर त्याच्या आईकडे आहे. अजून फोन आलेला नाही.