बुडत्या उमेदवाराला अग्रलेखाचा आधार

अमेरिकेत बरेच पेपरवाले निवडणुकीत सरळ अग्रलेख लिहून सांगत आलेत, आमचा पाठिंबा अमक्याला. आपल्याकडे पक्षाची मुखपत्रं सोडली तर असं नाव घेऊन सहसा कुणी लिहीत नाही. (आपल्याकडे ते काम 'विशेष पुरवणी' करते, असो.) २०१६ मध्ये बहुतेक मोठे पेपर विरोधात असूनही ट्रम्प निवडून आला, तेव्हापासून 'पेपरच्या पाठिंब्याला विचारतो कोण' असं सगळेच म्हणतात. अंतिम लढतीपुरतं मलाही ते पटतं. प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत आधी होणाऱ्या मतदानाचं, गणित मात्र वेगळं आहे.

प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. पक्ष बघून मत द्यायची सोय नाही, त्यामुळे बऱ्याच जणांचं शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नाही. अशा वेळी 'हा माणूस अजून शर्यतीत आहे' एवढं कुणीतरी वजनदार बोललं तरी पुरतं.

२००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या जॉन मॅकेनचं बघा. २००७ च्या उन्हाळ्यात त्याची मोहीम जवळजवळ संपली होती. तिजोरीत जेमतेम वीस लाख डॉलर, प्रमुख सल्लागार सोडून गेलेले, बाकीच्यांना कमी केलेलं. त्यात स्थलांतरितांना सवलत देणाऱ्या विधेयकाला त्याने पाठिंबा दिल्यामुळे पक्षातले कट्टर लोक खवळलेले. डिसेंबरच्या सुरुवातीला न्यू हॅम्पशायर राज्यातल्या 'युनियन लीडर' या पेपरने त्याला पाठिंबा दिला. हा पेपर कडवा उजवा, म्हणूनच ते महत्त्वाचं. उदारमतवादी पेपरने मॅकेनचं कौतुक केलं असतं तर त्याचं नुकसानच झालं असतं! मग 'बॉस्टन ग्लोब' आला. प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी आदल्या वर्षापर्यंत ज्या राज्याचा गव्हर्नर होता, तिथलाच हा पेपर. वर न्यू हॅम्पशायरच्याच 'कॉन्कॉर्ड मॉनिटर'ने रॉम्नीला मत देऊ नका म्हणून वेगळा अग्रलेख लिहिला. ८ जानेवारीला न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत मॅकेन ३७ टक्के, रॉम्नी ३२.

हे सगळं पेपरांनी घडवलं का? मुळीच नाही. इराकमधला हिंसाचार कमी झाला होता, आणि तिथे जादा सैन्य पाठवा म्हणणारा मॅकेनच होता. शिवाय २००० मध्ये बुशला त्याने याच राज्यात हरवलं होतं. लाकूड वाळलेलं होतं, अग्रलेखांनी काडी लावली. याच डिसेंबरात आयोवातल्या 'डे मॉइन रजिस्टर'नेही त्याला पाठिंबा दिला होता. तिथे त्याचा फारसा प्रचारच नव्हता, चौथा आला.

याच 'रजिस्टर'ने २००४ मध्ये मात्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन एडवर्ड्सला उचललं होतं. त्याच पक्षाचे आघाडीचे उमेदवार डीन आणि गेपहार्ट एकमेकांवर तुटून पडलेले, एडवर्ड्स मागे कुठेतरी. मतदानाच्या आठ दिवस आधी अग्रलेख आला आणि तो ३२ टक्के घेऊन दुसरा आला. पुढे उपाध्यक्षपदाची उमेदवारीही मिळाली. गंमत म्हणजे २००८ ला त्याच पेपरने हिलरी क्लिंटनला निवडलं, आणि एडवर्ड्स पाठिंब्याशिवायच तिच्या किंचित पुढे राहिला.

'युनियन लीडर'ची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतल्या ख्रिस ख्रिस्टीला पाठिंबा दिला. प्रायमरीत तो सहावा आला आणि बाहेर पडला. फेब्रुवारी संपायच्या आत त्याने ट्रम्पला पाठिंबा जाहीर केला. हा पेपर ट्रम्पवर सतत टीका करत होता. त्यांनी दोन-तीन दिवसांत पुन्हा अग्रलेख लिहिला: ख्रिस्टीच्या बाबतीत आमचं चुकलं.