कपाळावरची राख पुसायला सांगू नका

आज आम्हा ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, म्हणजे ॲश वेन्सडे. पहाटे वसईला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सा (प्रार्थनाविधी) केली, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि तशीच लोकल पकडून ऑफिसला गेले. लिफ्टमधून बाहेर पडते तोच एका सीनियरने टिश्यू पुढे केला. "कपाळाला काहीतरी काळं लागलंय बघ, पुसून घे, क्लायंट येतायत." म्हटलं सर, लागलेलं नाहीये, लावलेलं आहे. तर म्हणे, "असू दे ग, पण बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! मागच्या महिन्यात ऑफिसच्या पूजेला सगळ्यांना टिळा लावला, मीही लावून घेतला आणि घरी येईपर्यंत ठेवला, कारण कुणाच्या तरी श्रद्धेचा होता तो. तेव्हा क्लायंट नव्हते का?

मी सातवीत असताना याच दिवशी वर्गातल्या पोरांनी विचारलं होतं, चूल फुंकून आलीस का. मी नळावर जाऊन रुमालाने राख घासून काढली. संध्याकाळी धुणं काढताना आजीच्या हातात तो काळा रुमाल आला. मला वाटलं आता ओरडा बसणार.

ही राख कुठून येते माहितीये का? मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची असते. येशू जेरुसलेममध्ये शिरला तेव्हा लोक झावळ्या घेऊन पुढे आले, जयजयकार केला, आणि त्याच आठवड्यात त्याला क्रुसावर चढवलं. त्या आठवणीची झावळी आम्ही वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतो, मग ती देवळात परत द्यायची, तिथे जाळतात आणि तीच कपाळाला लागते. जयजयकाराचीच राख होते हो. आणि लावताना शब्द काय, तर माणसा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. यात 'हॅपी' काय आहे? सकाळपासून तीन जणांनी 'हॅपी ॲश वेन्सडे' पाठवलंय, एकाने तर गुलाबांसकट. प्रेमाने पाठवतात, कळतं मला, पण आज उपवासकाळ सुरू होतो, ईस्टरपर्यंत चाळीस दिवस, येशूने अरण्यात उपवास केला तेवढे. कॅलेंडरवर मोजाल तर ४६ भरतात, कारण रविवार धरत नाहीत, रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो. आणि ईस्टर २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणून आमचा हा बुधवारही दरवर्षी सरकतो. २०२४ ला तर व्हॅलेंटाईनच्याच दिवशी आला होता. चंद्र बघून सण ठरवणाऱ्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये खरं तर!

हो, राखेचा बुधवार हा शब्द बायबलमध्ये नाही, मान्य. पण योना संदेष्ट्याचं ऐकून निनवे शहराचा राजा सिंहासनावरून उतरला आणि राखेत बसला, ते आहे. राजा बसला राखेत, आणि आम्ही क्लायंटसाठी पुसायची.

आमचेही काही कमी नाहीत. कुणी बघू नये म्हणून मुद्दाम संध्याकाळची मिस्सा धरणारे मला माहितीयेत. ठीक आहे, काहींच्या कामाच्या वेळाच तशा असतात. आणि आजच्याच शुभवर्तमानात, म्हणजे मिस्सेत वाचल्या जाणाऱ्या बायबलच्या उताऱ्यात, येशू सांगतो की उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवायला करू नका. ते वाक्य मलाही दरवर्षी टोचतं. पण दाखवायला लावणं वेगळं आणि लाजून पुसणं वेगळं, एवढं मला त्या रुमालाने शिकवलंय.

कारण आजी ओरडलीच नाही. हात धरून मला क्रुसासमोर घेऊन गेली. मागची जागा रिकामी होती. म्हणाली, "इथली झावळी कुठे गेली?" मी म्हटलं, देवळात दिली. "मग तीच होती ती, पोरी," एवढंच बोलली आणि रुमाल धुवायला गेली. लाल लुगड्याचा पदर खोचून किती वेळ घासत बसली होती, अजून दिसते मला.

सीनियरना मी आज यातलं काहीच सांगू शकले नाही. टिश्यू घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मीटिंगला तशीच बसले. कुणी काही विचारलं नाही.

आता घरी आलेय. क्रुसामागची जागा रिकामी आहे, झावळ्यांच्या रविवारपर्यंत रिकामीच राहील. राख घामाने थोडी पसरलीय. झोपताना धुवेन, माझी मी.