मानवशास्त्र शिकून मराठवाड्यात करायचं काय, म्हणणाऱ्यांना

मानवशास्त्र, म्हणजे माणसाचा आणि त्याच्या समाजाचा अभ्यास, याबद्दल ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय, तुम्हालाही आला असंल. मानवशास्त्र म्हणजे इंग्रजांचा कवट्या मोजायचा विषय, मराठवाड्यात आदिवासीच नाहीत, नोकरी तर नाहीच, मग इथल्या लेकरांनी त्यात कामून वर्षं घालवायची, असं त्यात लिहिलंय. एकेक घेतो.

कवट्या मोजल्या हे खरंय. त्यावरून माणसं वरची-खालची ठरवली, हा या विषयावरचा डागच आहे. पण तो पुसणाऱ्यांत आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे होत्या. बर्लिनमधे त्यांचा गाईड यूजेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारा माणूस, आणि त्याच्याच हाताखाली बाईंनी कवट्या मोजून सांगितलं की तुम्ही म्हणता तसा फरक निघत नाही. याला हिंमत लागते राव.

आदिवासी नाहीत हे तर साफ खोटं. किनवट-माहूरकडं जाऊन बघा की, गोंड, कोलाम, आंध, परधान सगळे आहेत. आणि बंजारा समाज बघा, तेलंगणात एसटी, कर्नाटकात एससी, आपल्याकडं विजा-अ, म्हणजे विमुक्त जाती. तांडे तसेच, गोरमाटी बोली तीच, सरहद्द ओलांडली की यादी बदलती. हे असं का झालं ते नीट समजून घ्यायचं तर हाच अभ्यास लागतो, नुसत्या घोषणांनी ते कळत नाही.

आणि हा विषय फक्त आदिवासींचा हे कोणी सांगितलं? बीडचे ऊसतोड कामगार घ्या. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवरा-बायकोचा कोयता (जोडीला तिथं कोयताच म्हणतात) दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडं निघतो, घराला कुलूप, मग गावात फॉर्म घेऊन येणाऱ्या सर्वेवाल्याला ते सापडणार कुठून? बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 मधे गाजलं, समिती बसली, पण खाडा पडला की दंड, पाळी आली तरी फडात उभं राहायचं, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, ना संडास ना मोरी, ही सगळी साखळी एका दिवसाच्या प्रश्नावलीत येतच नाही. त्यासाठी तळावर त्यांच्यासोबत राहावं लागतं, महिनोन्‌महिने, आणि मानवशास्त्रात नेमकं तेच शिकवतात. किल्लारीचं पण तसंच, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर नवी गावं शहरासारखी सरळ रेषेत आखली, भावकी-शेजार एका गल्लीत राहायचा ते मोडलं, मोठ्या वाड्याच्या जागी छोटी सुटी घरं आली. आखायच्या आधी कोणी गावात बसून विचारायला नको होतं का?

राहिलं नोकरीचं. जागा कमी आहेत, मान्य. पण भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण 1945 पासून चालू आहे, पुण्यात आदिवासी संशोधन संस्था आहे, म्युझियम आहेत, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था आहेत, नेट परीक्षा देऊन प्राध्यापक होता येतं. यूपीएससीला तर हा 500 मार्कांचा ऑप्शनल आहे, त्याला पदवी याच विषयाची लागत नाही. आणि ज्याला एमए करायचंय त्याच्यासाठी पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथली अ‍ॅडमिशनची माहिती आधी बघा आन्‌ मग ठरवा.