थेसालोनिकीला म्हणजे नक्की कुठे?

ग्रीसला जायचं ठरवणं सोपं आहे. ग्रीसमध्ये थेसालोनिकीला जायचं ठरवलं की मात्र ऑफिसात, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे जाब द्यावा लागतो. प्रत्येकाचा ग्रीस आधीच ठरलेला असतो: निळे घुमट, पांढऱ्या भिंती आणि त्यांच्यापुढे वाऱ्यावर उडणारी कोणाची तरी ओढणी. सँटोरिनीला जाणार नाही म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "सगळं ठीक आहे ना घरी?"

बरं, गाव काही आडवळणाचं नाही. अथेन्सखालोखाल ग्रीसमधलं मोठं शहर. इसवी सनापूर्वी ३१५च्या सुमारास मॅसेडोनियाच्या कॅसँडरने ते वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. (आमच्या दारावरच्या पाटीवर माझं नाव अजून यायचंय, हे जाता जाता.) ही बायको अलेक्झांडरची सावत्र बहीण. एवढं ऐकल्यावर आमचे एक काका खुलले.

"म्हणजे सिकंदरचं गाव! मग बरोबर आहे."

"नाही हो काका. हे गाव वसलं तेव्हा सिकंदर जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्याचं गाव पेला. तिथून चाळीसेक किलोमीटरवर."

"मग पेलाला का नाही जात?"

याला उत्तर नाही. थेसालोनिकीच्या समुद्रकाठी सिकंदरचा घोड्यावरचा भलाथोरला पुतळा आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली. जे गाव त्याला बघायलाही मिळालं नाही तिथे त्याला पुतळा मिळाला, हेही काही कमी नाही.

खरं युद्ध व्हिसाचं. आपल्याला त्यांच्या देशात येऊ द्यायचं की नाही हे ठरायच्या आधी, आपण कुठल्या रात्री कुठल्या उशीवर डोकं टेकणार हे त्यांना लेखी हवं असतं. विमानाचं आरक्षण, राहण्याचं आरक्षण, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंट्स, आयकराची विवरणपत्रं, रजा मंजूर झाल्याचं पत्र. मोठ्या माणसाला फी ९० युरो. व्हिसा मिळाला नाही तरी ती परत मिळत नाही. आणि शिवाय तुम्ही तिकडेच राहून जाणार नाही, याची खात्री पटवायची. मी पत्रात नोकरी, मुलीची शाळा, म्हातारी माणसं असं सगळं भावपूर्ण लिहिलं. नवऱ्याने ते वाचलं आणि खाली गृहकर्जाचे कागद जोडले. "यापेक्षा भक्कम पुरावा नाही," तो म्हणाला. "हप्ते संपेपर्यंत आपण कुठेही पळून जाऊ शकत नाही."

फोटोचं माप ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरा पडदा, चेहरा निर्विकार. सासूबाईंना फोटोवाला तीनतीनदा सांगत होता, "आजी, हसू नका." त्या शेवटी कडाडल्या, "मी हसत नाहीये रे बाबा. तोंडच असं आहे माझं!" कडाडल्यावर मात्र हवा तसा फोटो आला.

सासूबाई येणार हे मुळात ठरलेलं नव्हतं. ते कसं ठरलं हे आजही घरात कोणाला सांगता येणार नाही. पण त्या येणार म्हटल्यावर काय काय बघायचं याची यादी त्यांच्यापुढे मांडणं आलं. मी रोटुंडापासून सुरुवात केली. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची गोल वास्तू, सहा मीटरहून जाड भिंती. रोमन सम्राट गॅलेरियसने बांधली, देऊळ म्हणून की स्वतःची समाधी म्हणून यावर विद्वानांत एकमत नाही. पुढे तिचं चर्च झालं, तुर्कांच्या काळात मशीद झाली, मिनार अजून उभा आहे. आता ते स्मारक आहे, पण सणावाराला आत प्रार्थनाही होते.

आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चपला काढायच्या की नाही?"

सतराशे वर्षांच्या इतिहासाला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

मग पांढरा मनोरा. तो शहराची खूण आहे, प्रत्येक फ्रिज मॅग्नेटवर असतो आणि पांढरा नाही. तुर्की अमदानीत तो तुरुंग होता, आत माणसं मारली जात म्हणून त्याला रक्ताचा मनोरा म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका कैद्याने सुटकेच्या बोलीवर तो चुन्याने रंगवला, असं सांगतात. पुढे चुना उडाला, नाव राहिलं. लेकीने फोटो मोठा करून पाहिला. "आई, हे ग्रीससारखं दिसतच नाही."

तिचंही खरंच आहे. १९१७च्या ऑगस्टमध्ये मोठी आग लागली आणि शहराचा मधला भाग जळून गेला, सत्तर हजारांवर माणसं बेघर झाली. एका घरातल्या चुलीची ठिणगी गवतावर पडली, वांगी शिजत होती म्हणे. त्यानंतर एर्नेस्त एब्रार नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने नव्याने आराखडा केला, म्हणून मधला भाग रुंद रस्त्यांचा, समुद्राकडे उघडणाऱ्या मोठ्या चौकाचा. जुन्या गल्ल्या बघायच्या तर वर टेकडीवर, आनो पोलीला चढायचं. चढायचं म्हटल्यावर आईंच्या गुडघ्यांनी तो मुद्दा यादीतून काढून टाकला. चौकात अ‍ॅरिस्टॉटलचा पुतळा आहे, त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला की बुद्धी येते अशी विद्यार्थ्यांची समजूत; हात लावून लावून तो अंगठा चकचकीत झालाय. नवरा म्हणाला, हे दहावीच्या वर्षात कामाला येईल. लेक उठून आत गेली.

नवऱ्याच्या मते मात्र त्या शहरात बघण्यासारखी एकच गोष्ट आहे: मेट्रो. २००६मध्ये खोदायला घेतली, २०२४च्या नोव्हेंबरात धावली. लांबी जेमतेम साडेनऊ किलोमीटर! कुदळ मारली की खालून काहीतरी निघायचं: थडगी, दागिने, नाणी, एकूण तीन लाखांहून जास्त वस्तू. व्हेनिझेलू स्टेशनच्या जागी तर संगमरवरी फरशीचा अख्खा रोमन रस्ता निघाला. तो जागीच ठेवायचा की हलवायचा यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी तुकडे उचलून नेले, स्टेशन बांधलं आणि रस्ता पुन्हा आणून बसवला. कुठल्या दिवशी काय बघायचं याच्या आमच्या एक्सेल शीटचंही तसंच चाललंय. एक ओळ सरकवावी तर खालून कोणाची तरी दडपलेली इच्छा निघते.

अशीच एक इच्छा नवऱ्याच्या ओळीखाली सापडली: 'मंगळवार, माउंट अ‍ॅथोस'. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, जवळच्या द्वीपकल्पावर वीस मठ आहेत, हजार वर्षांची साधना, अपार शांतता. ज्या माणसाला घरच्या सत्यनारायणाला सोवळं कुठे ठेवलंय ते सापडत नाही, त्याला अचानक ऑर्थोडॉक्स मठांची ओढ लागावी, याचा मला संशय आला. जरा वाचलं. अ‍ॅथोसवर बायकांना बंदी आहे. हजार वर्षांपासून. गायी-शेळ्याही मादी चालत नाहीत, फक्त मांजरींना सूट. बायकांनी बोटीतून बघायचं, तेही किनाऱ्यापासून पाचशे मीटर लांबून.

"म्हणजे आम्ही तिघी बोटीत आणि तू आत?"

"परवाना मिळणं अवघड असतं गं," तो एकदम नम्र झाला. "ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना दिवसाला दहाच देतात."

"तुला मिळू दे," आई आतून म्हणाल्या. "आणि जमलं तर राहूनच ये."

मंगळवारची ओळ गेली. तिथे आता 'समुद्रकाठी फेरफटका, हवा स्वच्छ असल्यास ऑलिम्पस पर्वत दर्शन' असं आहे. दर्शन हा शब्द माझा. त्यामुळे आईंचीही मंजुरी मिळाली.

खाण्याची मला आधी धास्ती होती, पण ती बाजू अनपेक्षितपणे सोपी निघाली. ग्रीक लोक उपासाचे पक्के. त्यांच्या उपासाचं जेवण मागितलं की मांस नाही, अंडी नाहीत, दूधदुभतंही नाही. भात भरलेले टोमॅटो, द्राक्षाच्या पानांचे गुंडाळे, मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, सगळं ऑलिव्हच्या तेलातलं. फक्त एक मेख आहे, ती मी घाबरत घाबरत सांगितली: कोळंबी आणि ऑक्टोपस त्यांना उपासाला चालतात.

"दूध नाही आणि ते आठ पायांचं चालतं?" आईंनी कपाळाला हात लावला. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "आपण तरी काय, एकादशी नि दुप्पट खाशी. जाऊ दे."

चहाचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. तिकडे चहा म्हणून डोंगरातल्या पानांचा काढा मिळतो, तो बहुतेक सर्दी झाल्यावर पितात. कॉफी मुबलक, पण गार. फ्रापे म्हणजे थंड पाण्यात घुसळलेली इन्स्टंट कॉफी, ती याच गावची देणगी. १९५७च्या व्यापारी जत्रेत एकाला गरम पाणी मिळेना म्हणून त्याने गार पाण्यातच हलवून प्यायली. आई म्हणाल्या, चहा पावडर, साखर आणि गाळणी मी घेते, तुम्ही बाकीचं बघा.

बाकीच्यात संकष्टी आली. आमच्या मुक्कामात ती येते आणि पंचांगातली चंद्रोदयाची वेळ मुंबईची. नवऱ्याने थेसालोनिकीची वेळ काढली. मे अखेरीस तिकडे सूर्यच पावणेनऊला मावळतो, त्यामुळे चतुर्थीचा चंद्र उगवायला जवळजवळ मध्यरात्र होते. मला वाटलं आई खचतील. उलट त्यांना हुरूप आला. ग्रीक लोक दहाला जेवायला बसतात म्हणजे आपण काही फार वेगळे दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब. पण मोदक हवेत. उकडीचेच.

म्हणून ठरलेलं हॉटेल रद्द करून मी स्वयंपाकघर असलेली जागा शोधली. मालकिणीला कळवलं की आम्हाला वाफेवर काही पदार्थ करायचा आहे, मोठं पातेलं आणि चाळणी मिळेल का, आणि नारळ खवायला काही असेल तर फारच उत्तम. तिचं उत्तर लगेच आलं. पातेलं आहे, चाळणी आहे, नारळ खवायचं काही नाही, आणि कृपया रात्री अकरानंतर आवाज करू नये, इमारतीत शांतता पाळतात.

"खवणी मी आणते," आई म्हणाल्या. "नारळ दुपारी जेवणं झाली की खवून ठेवू. त्यात काय!"

उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाचही शांतता पाळायची असते, ही ओळ मालकिणीच्या उत्तरात खाली होती. ती मी अजून वाचून दाखवलेली नाही.