सलीम अहमद सलीम : फक्त नाचापुरता लक्षात राहिलेला माणूस

दर वर्षा-दोन वर्षांनी तीच गोष्ट कुणीतरी शेअर करतं. २५ ऑक्टोबर १९७१, युनोची आमसभा, अमेरिका हरली, तैवानच्या जागी कम्युनिस्ट चीन आत आला आणि टांझानियाची माणसं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायला लागली. त्यांचा राजदूत होता सलीम अहमद सलीम, वय वर्षं २९. खाली कमेंटमध्ये ठरलेलं वाक्य, की दहा वर्षांनी अमेरिकेने त्या नाचाचा बदला घेतला. मला ही गोष्ट अशी सांगितलेली आवडत नाही. एवढं मोठं करिअर, आणि उरलं काय तर एक नाच!

मुळात हा गडी झांझिबारचा, म्हणजे १९६४ ला टांझानियात सामील झालेल्या बेटाचा, जन्म १९४२. आपल्याला झांझिबार म्हटलं की फ्रेडी मर्क्युरी आठवतो, आपल्या पाचगणीत शिकलेला. १९६४ च्या जानेवारीत तिथे अरब सुलतानाविरुद्ध क्रांती झाली आणि फ्रेडीच्या घरच्यांना बेट सोडून जावं लागलं, आणि त्याच क्रांतीने सलीमला त्याच वर्षी इजिप्तला राजदूत म्हणून पाठवलं. वय २२! आपल्याकडे या वयात पोरं यूपीएससीचा पहिला अटेम्प्ट द्यायचा का नाही यावर घरी वाद घालत असतात. पण यात चमत्कार वगैरे काही नव्हता हो, ब्रिटिश जाऊन काही महिनेच झालेले, परराष्ट्र खातं म्हणावं असं काही नाहीच, मग जो शिकलेला, बोलता येणारा आणि राजकारणात मुरलेला सापडेल त्याला पाठवायचं. बहुतेक नव्या आफ्रिकन देशांची तीच गत होती.

मग १९६५ ते ६८ तो दिल्लीत हाय कमिशनर. शास्त्रीजींचा काळ, नंतर इंदिराबाई आल्या. आणि गंमत म्हणजे त्याच काळात तो सेंट स्टीफन्समध्ये शिकतही होता. एका देशाचा राजदूत, आणि कॉलेजात विद्यार्थी. त्यानंतर चीन, आणि १९७० पासून दहा वर्षं न्यूयॉर्क.

आता त्या मतदानाबद्दल. चीनला घ्यायचं का यावर खरी लढाई आधीच्या ठरावावर झाली. अमेरिकेचं म्हणणं, या विषयाला दोन तृतीयांश मतं लागली पाहिजेत. ते ५९ विरुद्ध ५५ ने पडलं आणि नाच झाला तो तेव्हा. मूळ ठराव मग ७६ विरुद्ध ३५ असा आरामात पास झाला. चार मतांचा खेळ होता म्हणजे कुणीतरी आधी महिनोन् महिने एकेका देशाच्या माणसाला गाठून बसलेलं असणार, आणि मांडणाऱ्या देशांत टांझानिया होताच. चीन तेव्हा त्यांच्यासाठी दार-ए-सलामहून झांबियापर्यंत १,८६० किलोमीटरची रेल्वे बांधत होता, जिला पाश्चात्त्यांनी पैसे द्यायला नकार दिलेला. तेव्हा हे काही नुसतं तत्त्वाचं प्रेम नव्हतं, हेही मान्य करू.

नंतर १९७२ ते ८० तो वसाहती संपवण्याच्या समितीचा अध्यक्ष. ऱ्होडेशिया (आताचा झिम्बाब्वे), नामिबिया, अंगोला, मोझांबिक, सगळं त्याच्या टेबलावर. १९७९ ला आमसभेचा अध्यक्ष. माझ्या मते अमेरिकेला खुपत होतं ते हे. १९८१ ला युनोच्या सरचिटणीसपदासाठी उभा राहिला, पहिल्या फेरीत ११ मतं, पदावर असलेल्या कुर्ट वाल्डहाइमला १०. पण अमेरिका सलीमला व्हेटो करत राहिली आणि चीन वाल्डहाइमला, सोळा फेऱ्या! शेवटी दोघेही बाजूला झाले आणि पेरूचे पेरेझ द क्वेयार आले. १९७१ ला अमेरिकेच्या बाजूने लढून हरलेले थोरले बुश तेव्हा उपाध्यक्ष होते, म्हणून बदल्याची गोष्ट लोकांना चटकन पटते.

आणि घरी? १९८४ ला पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष न्येरेरे पायउतार होताना सगळ्यांना वाटलं आता हाच. पण पद गेलं अली हसन म्विन्यींकडे. २००५ ला पुन्हा पक्षाकडे उमेदवारी मागितली, शेवटच्या तिघांत आला, तरी किक्वेतेंनी बाजी मारली. त्याचं अरब रक्त आणि क्रांतीच्या आधीचं राजकारण विरोधकांनी दोन्ही वेळा उकरून काढलं. अमेरिकेच्या व्हेटोवर सगळे लिहितात, या घरच्या व्हेटोवर फारसं कुणी लिहीत नाही, मला तर हाच जास्त लागणारा वाटतो.

मधली १२ वर्षं, १९८९ ते २००१, तो आफ्रिकन एकता संघटनेचा सरचिटणीस. कंटाळवाणं काम. देश वर्गणी थकवतात, आणि दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही हा सनदेतलाच नियम. तरी १९९३ ला कैरोत संघर्ष रोखायची यंत्रणा उभी केली, आणि पुढच्याच वर्षी रवांडातला नरसंहार झाला. संघटना काही करू शकली नाही. याचं खापर त्याच्यावर फोडणारे आहेत, मला ते पटत नाही, हातात ना सैन्य ना पैसा, आणि ज्यांच्याकडे दोन्ही होतं ती सुरक्षा परिषदच माणसं परत बोलावत होती. २००० मध्ये टोगोच्या लोमेला, या संघटनेच्या जागी येणाऱ्या आफ्रिकन युनियनची घटना मंजूर झाली, तिच्यात नरसंहार होत असेल तर सदस्य देशात हस्तक्षेप करायचा अधिकार आहे. तेव्हा सरचिटणीस हाच होता.