पांढरं रक्त, हनुवटीची मिशी आणि चौथा मुद्दा

'अंटार्क्टिकाच्या खोल समुद्रातला मासा ओळखा चार खुणांवर' अशी एक पोस्ट सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरते आहे. माझ्याकडे ती तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं, आता लिहावंच. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. एक, अंटार्क्टिक माशांचं रक्त पांढरं असतं, कापला की लगेच कळतं. दोन, हनुवटीखाली मिशी लोंबत असेल तर तो प्लंडरफिश. तीन, टूथफिशच्या दोन जाती आहेत. काळपट तो अंटार्क्टिक, करडा तो पॅटागोनियन, आणि रंगावरून उमगलं नाही तर कुठे पकडला ते विचारा. चार, खोलातून वर येताना मासे फुगून वेडेवाकडे होतात, त्यामुळे शरीर बघून खरं तर काहीच कळत नाही. डीएनए हाच एक मार्ग.

पहिल्या तीन मुद्द्यांत शरीराच्या खुणा सांगायच्या आणि चौथ्यात शरीर बघून उपयोग नाही म्हणायचं, यातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. असो.

रक्ताचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो निम्मा खरा आहे आणि निम्मं खरं निस्तरायला जास्त वेळ लागतो. लाल रक्त नसलेले मासे तिथे आहेत. त्यांना आइसफिश म्हणतात. दक्षिण अटलांटिकातल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळचे नॉर्वेजियन देवमासे-शिकारी त्यांना 'बिनरक्ताचे मासे' म्हणत, आणि ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांना ती खलाशांची थाप वाटे. योहान रूड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात लिहिलं तेव्हा कुठे गोष्ट पक्की झाली: या माशांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. पण रक्त पांढरंही नाही, ते जवळजवळ पाण्यासारखं बिनरंगी असतं. थंडगार पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो. हृदय मोठं, रक्त जास्त, त्यामुळे विरघळलेल्या प्राणवायूवरच त्यांचं भागतं.

आता पोस्टची चूक. आइसफिश हे एक कुळ आहे, त्यात जाती साधारण सोळा. अंटार्क्टिकाभोवती ज्या मोठ्या गटाचं राज्य आहे तो गट, नोटोथेनिऑइड, सव्वाशेहून जास्त जातींचा आहे, आणि आइसफिश सोडले तर त्यातल्या सगळ्यांचं रक्त तुमच्या-आमच्या बांगड्यासारखं लाल. म्हणजे 'अंटार्क्टिक म्हणून पांढरं रक्त' धरून निघालात तर तिथले बहुतेक मासे तुमच्या हातून निसटले. उलट बाजूनेही खूण फसते. चॅम्पसोसेफॅलस ईसॉक्स हा आइसफिश अंटार्क्टिकात नाही, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ राहतो, आणि त्याच्याही रक्ताला रंग नाही.

शिवाय बिनरंगी रक्त फक्त कुळ सांगतं, पुढे काय? पुढे मग थुंथणाच्या टोकाशी काटा आहे का ते बघायचं. कायोनोड्रॅको वंशात तो ठळक असतो. कीनोसेफॅलस अॅसेरॅटसमध्ये नसतो, 'अॅसेरॅटस'चा अर्थच बिनशिंगाचा. पाठीवरचे दोन पर एकमेकांपासून किती लांब, पोटाकडचे पर कुठवर पोचतात, पार्श्वरेषा, म्हणजे कुशीवरून जाणारी बारीक रेघ, किती, असा प्रवास चालू राहतो. रक्त बघून थांबणारा माणूस दारातच थांबला. जाता जाता एक: मासळी बाजारात कल्ला उचलून लाल आहे का ते पाहायची आपली सवय या माशापुढे चालत नाही. आत्ता पाण्यातून काढलेल्या आइसफिशचे कल्लेही पांढुरके असतात. आपल्याकडच्या गिऱ्हाईकाने तो शिळा म्हणून परत केला असता.

मिशीचा मुद्दा लवकर आटोपतो. प्लंडरफिश हे नोटोथेनिऑइड गटातलंच एक कुळ. त्यातल्या पोगोनोफ्रायनी वंशाला हनुवटीखाली मांसल लोंबता धागा असतो, हे खरं. पण तसा धागा त्याच पाण्यातल्या उंदीरशेपट्या मॅक्रोरसलाही असतो, म्युरेनोलेपिसलाही असतो आणि अँटिमोरालाही. हे तिन्ही कॉडच्या गोतावळ्यातले, प्लंडरफिशशी त्यांचं नातं दूरचं. नुसती मिशी बघून नाव ठेवणं म्हणजे दाढी दिसली की फकीर.

आणि मिशीचा मोह फक्त पोस्ट लिहिणाऱ्यांनाच पडतो असं नाही. पोगोनोफ्रायनीच्या जाती ठरवताना शास्त्रज्ञांनीही त्या धाग्यावर फार भिस्त ठेवली: लांबी किती, टोक फुगीर की निमुळतं, त्यावर बारीक कंगोरे किती. असं करत करत दोन डझनांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या. २०२२ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास झाला तेव्हा त्यांतून वेगळ्या निघाल्या त्या जेमतेम पाच. बाकीचा सगळा फरक एकाच जातीतल्या माशा-माशातला होता. मला हे उदाहरण पोस्टपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. डोळ्यांत भरणारी खूण तज्ज्ञालाही चकवते.

टूथफिशबद्दल मात्र जरा बैठक मारावी लागेल, कारण इथे पैसा आहे. अमेरिकी हॉटेलांत 'चिलियन सी बास' म्हणून महाग विकला जातो तो हाच. दोन मीटरपर्यंत वाढतो, पन्नाशीपर्यंत जगू शकतो. जाती दोन: डिसॉस्टिकस एलेजिनॉइडीस म्हणजे पॅटागोनियन आणि डिसॉस्टिकस मॉसोनी म्हणजे अंटार्क्टिक. तिथली मासेमारी ज्या आंतरराष्ट्रीय कराराखाली चालते त्याचा आयोग ऑस्ट्रेलियात होबार्टला आहे, १९८२ पासून करार लागू आहे, आणि भारतही त्याचा सदस्य आहे. कोणती जात किती पकडली याचा हिशेब तिथे द्यावा लागतो. तेव्हा 'काळपट की करडा' हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

आणि रंग इथे साफ निकामी आहे. दोन्ही मासे करड्या-तपकिरी ते काळपट, अंगावर पुसट डाग. लहानपणी एक छटा, मोठेपणी दुसरी, डेकवर अर्धा तास पडला की तिसरी. माशांच्या रंगाचा भरवसा एकूणच कमी. तिथलाच प्ल्यूराग्रामा, ज्याला इंग्रजीत 'सिल्व्हरफिश' म्हणतात, जिवंतपणी गुलाबीसर असतो, मेल्यावर चांदीचा होतो. संग्रहालयात फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमधून गेल्यावर तर सगळेच मासे फिकुटतात.

मग ओळखायचं कसं? डोकं वरून बघायचं. पॅटागोनियनच्या टाळूवर खवल्यांच्या मध्ये लांबट उघड्या पट्ट्या असतात, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतात. अंटार्क्टिकच्या डोक्यावर तशा नसतात. मग माशाची कूस. टूथफिशच्या अंगावर पार्श्वरेषा दोन, एक पाठीलगत, एक खाली मध्यावर. खालची रेषा शेपटीकडून पुढे येताना पॅटागोनियनमध्ये बरीच लांब येते, अंटार्क्टिकमध्ये आखूड राहते. आणि डोकं फोडायची परवानगी असेल तर आतला खडा. ढोम्याच्या डोक्यात सापडणारे पांढरे खडे कोकणातल्या पोरांना माहीत असतात. तेच हे, ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे. पॅटागोनियनचा खडा लांबट, अंटार्क्टिकचा आखूड आणि जाडजूड. माशाचं वयही याच खड्यावरच्या वलयांवरून काढतात.

अडचण कुठे येते? बोटीवर बहुतेक टूथफिशचं डोकं, शेपूट आणि आतडी काढून मग तो गोठवतात. म्हणजे टाळूवरच्या पट्ट्या गेल्या, खडेही गेले. हातात राहते ती कातडीवरची रेषा, तीही अर्धवट. अशा लादीपुढे डीएनए हवाच, यात वाद नाही. पण म्हणूनच ओळख डोकं उडवायच्या आधी, डेकवर, निरीक्षकाच्या नजरेखाली व्हावी लागते.

'कुठे पकडला ते विचारा' हेही ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ढोबळमानाने पॅटागोनियन उत्तरेकडे, अंटार्क्टिक दक्षिणेकडे, कबूल. अंटार्क्टिकच्या रक्तात बर्फ वाढू न देणारी प्रथिनं असतात, पॅटागोनियनच्या नसतात, म्हणून तो गोठणबिंदूजवळच्या पाण्यापासून लांब राहतो. पण साउथ सँडविच बेटांभोवती दोघंही सापडतात, आणि जिथे चूक व्हायची तिथे, म्हणजे सरहद्दीवरच, पत्ता कामाचा नाही. आणि पत्त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेली एक छोटी नोंद आहे: एक पॅटागोनियन टूथफिश सापडला ग्रीनलँडजवळ. सत्तर किलोचा. दक्षिण गोलार्धातला मासा, विषुववृत्ताखालच्या खोल थंड पाण्यातून बहुधा पोहत पार उत्तरेला पोचलेला. पत्ता विचारला असता तर त्याला भलतंच नाव मिळालं असतं.

आता चौथा मुद्दा, ज्यावर पोस्टला सगळ्यात जास्त अंगठे मिळालेत.

मासा वर येताना फुगतो तो पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. घोळीचा भोत म्हणतात ना, तीच पिशवी. नोटोथेनिऑइड गटातल्या माशांना ती नसतेच. त्यामुळे दीड हजार मीटरवरून आलेला टूथफिश डेकवर अगदी शाबूत पडलेला असतो. मॅक्रोरसला मात्र पिशवी असते, आणि तो येतो तो डोळे बाहेर आलेला, पुष्कळदा जठर तोंडातून बाहेर. त्याची उंदरासारखी निमुळती शेपटी तर गळावरून काढतानाच तुटते, म्हणून त्याची लांबी शेपटीपर्यंत मोजत नाहीत, थुंथणापासून गुदद्वारापर्यंतच मोजतात. पण फुगलेल्या माशाच्या परातले काटे कमी-जास्त होत नाहीत. दातांच्या ओळी बदलत नाहीत. मोजायचं ते तिथेच असतं. मऊ, जेलीसारख्या स्नेलफिशची कातडी जाळ्यात फाटते, त्यांचे मणके मोजायला क्ष-किरण लागतात, हे खरं. तरी पोटाखाली चिकटायची चकती दिसली तर तो पॅरालिपॅरिस, म्हणजे स्नेलफिशचा बिनचकतीचा वंश, नक्की नाही, एवढं उघड्या डोळ्यांनीही सांगता येतं.

डीएनएचं श्रेय नाकारायचं कारण नाही. मॅक्रोरसचीच गोष्ट घ्या. कित्येक वर्षं दक्षिणेकडचे बरेचसे मॅक्रोरस 'व्हिट्सोनी' म्हणून वहीत चढत होते. डीएनए पाहिल्यावर त्यांत दोन जाती निघाल्या आणि २०१२ मध्ये दुसरीला 'कॅम्ल' हे नाव मिळालं, अंटार्क्टिक सागरी जीवांच्या गणनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पण पुढे काय झालं ते पोस्टमध्ये नाही. वेगळं काढल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा माशाकडे वळले, आणि पोटाकडच्या परातले काटे व खालच्या जबड्यातल्या दातांच्या ओळी मोजून दोन्ही ओळखता येतात असं दिसलं. खूण तिथेच होती, कुणी मोजली नव्हती. आता बोटीवरचा निरीक्षक प्रयोगशाळेविना ती मोजू शकतो.

आणि डीएनएचा तुकडा स्वतःचं नाव सांगत नाही. तो जुळवून बघतात संग्रहातल्या तुकड्यांशी, आणि संग्रहात ज्या माशाचा तुकडा आधी ठेवला, त्याला कुणीतरी काटे मोजूनच नाव दिलेलं असतं. ते चुकलं तर पुढची प्रत्येक जुळणी चुकते, वर शंभर टक्के जुळली असा शिक्का. कायोनोड्रॅकोच्या जातींमध्ये संकराच्या खुणा सापडल्या आहेत, तिथे एका तुकड्यावर निकाल देणं धाडसाचंच.

कधी कधी तर मासा हातात येतच नाही. २०२१ मध्ये 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजाने अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात तळाजवळून कॅमेरा ओढत नेला, तेव्हा घरट्यांची अख्खी वसाहत दिसली: सुमारे २४० चौरस किलोमीटर, अंदाजे सहा कोटी घरटी, आणि कित्येक घरट्यांवर राखण करत बसलेला एकेक मासा. तो निओपॅजेटॉप्सिस आयोना, आइसफिशच. हे समजलं ते चित्रातून.

राहता राहिला पोस्टसोबतचा फोटो. गुलाबी, लोंबत्या नाकाचा, दुर्मुखलेला 'अंटार्क्टिक मासा'. तो ब्लॉबफिश आहे, २००३ मध्ये न्यूझीलंडच्या वायव्येला नॉरफोक रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर पकडलेला, आणि आता सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये अल्कोहोलच्या बरणीत. अंटार्क्टिकाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचं ते प्रसिद्ध नाकही बरणीत आक्रसलं आहे.